केसपेपर आधी बोलतो

मी परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आयसीयूमध्ये गेली. मिरजेला जत-अथणीकडून, साताऱ्याला माण-खटावकडून पेशंट येतो तो हातात आधीच्या दवाखान्यांच्या कागदांची पिशवी घेऊनच. पेशंटला बेडवर घेतलं की मी ती पिशवी उघडते. शरीरात खोल शिरणाऱ्या बुरशीचा धोका बऱ्याचदा त्या कागदांवर आधीच दिसतो.

१. बुरशी सगळीकडेच असते. ‘काळी बुरशी’ म्हणतात त्या म्युकरचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजक्या पाचोळ्यात असतात आणि श्वासावाटे आपल्या नाकात जातातच. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, लोक कांद्यावरच्या काळ्या पुडीला आणि फ्रिजच्या रबराला घाबरले होते. नातेवाईक पेशंटजवळ बसायला कचरत. म्युकर एकाकडून दुसऱ्याला होत नाही, हे तेव्हा रोज नव्यानं सांगावं लागे. आणि ही बुरशी मुळात काळी नाहीच. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडते, रक्त न मिळालेला भाग मरतो, तो काळा पडतो.

२. पहिली नजर साखरेवर. आपल्या भागात ‘मला शुगर नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘मी कधी तपासलीच नाही’ एवढाच असतो. नुसती साखर वाढली तरी पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यात कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी झालं, तर प्रथिनाला बांधलेलं लोह सुटं होतं आणि म्युकरला नेमकं तेच हवं असतं. कोविडच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे म्युकर येत होता तो मुख्यतः याच वाटेनं. म्हणून बेशुद्धीकडे झुकलेला, धापा टाकणारा मधुमेही आला की साखरेबरोबर कीटोन तपासलेत का, हे मी बघतेच.

३. मग स्टेरॉईड. औषध वाईट नाही, त्यानं जीव वाचलेत. कोविडवरच्या ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, असा डोस होता. फायदा झाला तो ऑक्सिजन लागणाऱ्यांना. ज्यांना लागत नव्हता त्यांना झाला नाही. दुसऱ्या लाटेत मात्र एकाची चिठ्ठी दाखवून दुसरा मेडिकलमधून गोळ्या आणायचा, आणि ताप आल्या दिवसापासून घरीच सुरू करायचा. स्टेरॉईड साखर वाढवतं आणि प्रतिकारही दाबतं, म्हणजे दोन्हीकडून बुरशीचं फावतं. कागदावर स्टेरॉईड दिसलं की मी तीनच गोष्टी शोधते: किती, किती दिवस, आणि साखर कोण बघत होतं.

४. नळ्या. म्युकरचा एवढा गाजावाजा झाला, पण आयसीयूत रोजची डोकेदुखी कॅन्डिडा या बुरशीची. ती आपल्या आतड्यात, कातडीवर राहतेच. जोरदार अँटिबायोटिक्सनी तिथले जंतू मारले की तिला रान मोकळं. मानेतली सेंट्रल लाईन, शिरेतून दिलेलं पोषण, पोटाचं मोठं ऑपरेशन, डायलिसिस यांतलं काही सोबत असेल तर ती रक्तात पोहोचते. ब्लड कल्चर ती दर वेळी दाखवत नाही. राउंडला ‘ही लाईन आज लागते का?’ असं विचारणारी सिस्टर डॉक्टरांना कटकटी वाटते, वाटू दे. २००९ साली जपानमध्ये प्रथम नोंदलेली कॅन्डिडा ऑरिस तर बेडच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावरही तग धरते. तिथे पुसायला क्लोरीन लागतं, आणि हात धुवायला आळस चालत नाही.

५. म्युकरची चाहूल अशी: चेहऱ्याची एकच बाजू दुखणं किंवा बधिर होणं, डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणं, नाकात काळी खपली, वरचे दात अचानक हलणं. दात हलतोय म्हणून माणूस आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो आणि दिवस वाया जातात. ऑपरेशन करून मेलेला भाग काढावा लागतो, सोबत लायपोसोमल अँफोटेरिसिन. ते किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचं, तर ६० किलोच्या माणसाला रोज ५० मिलिग्रॅमच्या ६ बाटल्या. वर किडनी आणि पोटॅशियमवर लक्ष. हे औषध मिठाच्या सलाईनमध्ये मिसळत नाही, साका बसतो. डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं. एक बाई माझ्यावर उखडल्याच, “अहो सिस्टर, ह्यांची शुगर चारशे, अन् तुम्ही साखरेचंच पाणी लावताय?” प्रश्न अगदी रास्त होता. इन्सुलिनचा चार्ट दाखवला तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

६. ओल आणि धूळ. केमोथेरपीनं पांढऱ्या पेशी उतरलेल्या पेशंटला अ‍ॅस्परजिलस या बुरशीची भीती. दवाखान्यात शेजारी तोडफोड चालू असेल तर त्याची खोली बदलून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत कृष्णाकाठच्या घरांच्या भिंतींवर बुरशी चढली होती. अशा घरात केमोचा पेशंट लगेच नेऊ नये. भिंती दुसऱ्या कुणीतरी, तोंडाला मास्क बांधून, खरवडाव्यात, आणि त्या सुकेपर्यंत त्याला पाहुण्यांकडे ठेवावं.