आडवा सात, उभा तीन: दोघांनी कोडं सोडवण्याचे कानमंत्र

रविवारचा पेपर आला की शब्दकोड्याचं पान आधी बाजूला काढून ठेवत जा. तू साताऱ्याची, जावईबापू वर्ध्याचे. दोन मुलखांची मराठी तुमच्या घरात नांदते आहे, तिचा उपयोग करा. तुझे आजोबा आणि मी या खेळात जे शिकलो, ते तुला सांगते.

पेन्सिल एकच घ्या, आणि खोडरबर. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं. आडवे शब्द झाले की पेन्सिल दुसऱ्याच्या हाती द्या. वाचणाऱ्यानं "आडवा सात, तीन अक्षरी, मधलं अक्षर र" असं सगळं सांगावं, म्हणजे दुसऱ्याला कागदात डोकवावं लागत नाही. दोघांच्या हाती पेन आलं की लिहायची घाई होते आणि बोलणं थांबतं.

पहिल्या क्रमांकापासून सुरू करू नका. ज्यांना एकच उत्तर असतं ती घरं आधी भरा. "आधी पोटोबा, मग..." अशी अर्धी म्हण असेल, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाचं गाव असेल, 'संगीत शारदा'चे नाटककार असतील. विठोबा, कराड, देवल बसले की आजूबाजूच्या शब्दांना धरायला जागा मिळते.

समानार्थी शब्द सुटे पाठ करू नकोस, त्यांची घडण ओळख. पाण्याला जल, नीर, अंबु, वारि म्हणतात. त्यापुढे 'ज' आला की कमळ: जलज, नीरज, अंबुज, वारिज. 'द' आला की ढग: जलद, नीरद, अंबुद, वारिद. 'धी' आला की समुद्र: जलधी, अंबुधी, वारिधी. सगळे तीन अक्षरी. म्हणून सूत्रात 'कमळ' दिसलं आणि घरं तीन असली, तर शेवटच्या घरात 'ज' हलक्या हातानं लिहून पुढे जा. पंकज आणि सरोजही त्याच घरात बसतात. तसंच पृथ्वीचं: भूप आणि महीप म्हणजे राजा, भूधर आणि महीधर म्हणजे डोंगर. पूर्वी मुलांकडून अमरकोश पाठ करून घेत, त्यातला कितीतरी भाग या घडणीतूनच हाती येतो.

सूत्राचं रूप पाहा. 'फूल' विचारलं तर सुमन, 'फुले' विचारलं तर सुमने. सूत्र क्रियापदाचं असेल, 'पळून जाणे'सारखं, तर उत्तराच्या शेवटी बहुतेक 'णे' येतो. तो आधी भरला की त्याला छेदणारा शब्दही अर्धा सुटतो.

वेलांटी आणि उकार हलक्यात घेऊ नका. आपल्या कोड्यात एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून एकटा रवी दीर्घ आणि रविवारातला रवि ऱ्हस्व. समज, उभ्यात 'सूर्य' आहे, दोन अक्षरी, आणि त्याच्या दुसऱ्या घरातून आडवा 'विळा' सुरू होतो. मग तिथे रवी बसणार नाही, 'वी' आणि 'वि' जुळत नाहीत. दोघांतला एक शब्द बदलायलाच हवा. काही कोडेकार इथे सूट घेतात. दोन-चार रविवार एकाचंच कोडं सोडवलं की त्याची सवय कळते.

आपापल्या माहेरचे शब्द बाहेर काढा. 'परीट' आलं, तीन अक्षरी, तर तुला पुस्तकातला रजक आठवेल. जावईबापूंना वरठी आठवेल, कारण विदर्भात तो बोलण्यात आहे. कुठला खरा, ते छेदणारं अक्षर ठरवील. एकाच्या घरी शेतीची अवजारं, दुसऱ्याच्या घरी नाट्यसंगीत, असं असतंच. ते उणं समजू नका. दोघांना तेच तेच येत असतं, तर कोड्याला एकच माणूस पुरला असता.

आता सगळ्यांत मोलाची गोष्ट. उत्तर तुला आलं तरी लगेच सांगू नकोस. थोडं थांब, समोरच्याला विचार करू दे. तरीही अडलं तर उत्तर देण्याऐवजी वाट दाखव. 'धान्याचं जुनं माप' अडलं आणि उत्तर 'अधोली' असलं, तर "पायलीच्या निम्मं" एवढंच म्हण. स्वतः शोधलेला शब्द माणूस विसरत नाही, आणि आपल्याला शोधू दिलं, हेही विसरत नाही. त्यांनी चुकीचा शब्द सांगितला तर "छे" म्हणू नकोस. "तिसरं अक्षर जुळतंय का, बघू या" म्हण. चूक चौकटीनं दाखवावी, जोडीदारानं नव्हे.

एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये दिलं, तेही रविवारच्या पुरवणीत. हा खेळ पहिल्यापासून सवडीचा आहे. सकाळी अडलेला शब्द दुपारी जेवताना आपसूक ओठांवर येतो, म्हणून पान घडी न घालता टेबलावर राहू दे.

मोबाइल दोघांनी हात टेकल्यावरच उघडा, आणि त्याच्याआधी शब्दकोश. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यात एक शब्द शोधायला जाल आणि शेजारचे चार वाचून याल. पुढच्या अंकात उत्तरं आली की जुनं पान काढून ताडून पाहा, आणि न आलेले शब्द एका वहीत उतरवा. प्रत्येकापुढे कोणी शोधला तेही लिहा. वही दोघांची एकच असू दे.