पाण्यातून गेलेली मोटार : एंजिनाची परीक्षा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तरीही सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यातील अतिवृष्टीने तेथील तलाव भरून वाहू लागले आणि बेळंदूर, सर्जापूर रस्ता यांसारख्या भागांत मोटारी पाण्यात अडकल्या. नोकरदारांना ट्रॅक्टरवर बसून कचेऱ्या गाठाव्या लागल्या. अशा पाण्यात मोटार बंद पडली, की चालकाचा हात साहजिकच किल्लीकडे जातो. एंजिनाची मोठी हानी पुष्कळदा त्याच क्षणी होते.

इंधन जाळण्यासाठी एंजिन हवा ओढून घेते. पाणी हवेच्या नळीच्या तोंडापर्यंत चढले, म्हणजे तेही सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. समजा, दट्ट्या वर सरकताना ३०० घन सेंटीमीटर जागा व्यापतो आणि हवेचे आकारमान एक-दशांश करतो. तर शेवटी त्याच्या माथ्यावर सुमारे ३३ घन सेंटीमीटरच जागा उरते. याहून अधिक पाणी आत असल्यास दट्ट्या मध्येच अडतो व त्याचा दांडा वाकतो. तेवढ्याच आकाराच्या डिझेल एंजिनात ही जागा आणखी कमी असते.

म्हणून परीक्षा क्रमाने करावी. प्रथम बॅटरीची तार सोडवावी. नंतर हवेची गाळणी पाहावी. ती कोरडी असेल, तर दोष बहुधा भिजलेल्या विजेच्या जोडण्यांत असतो. ओली असेल, तर पाणी आत गेल्याचा संशय धरावा. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे, असे समजावे. मग सर्व स्पार्क प्लग काढून एंजिन पान्याने हातानेच सावकाश फिरवावे. आतील पाणी प्लगच्या छिद्रांतून बाहेर पडते. ते निर्वेध फिरले, तर तेल व गाळण्या बदलून, जोडण्या वाळवून, मगच ते सुरू करावे.

सुरू झाल्यावर ठोके ऐकू आल्यास ते ताबडतोब थांबवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. वाकलेला दांडा आखूड होतो, दट्ट्या पूर्ण वर पोहोचत नाही आणि त्या सिलिंडरचा दाब इतरांहून कमी भरतो.

सारांश, पाण्यात बंद पडलेले एंजिन तपासल्यावाचून पुन्हा सुरू करू नये. घटकाभराचा धीर पुष्कळदा संपूर्ण एंजिन वाचवितो.