तुराट्यांची राख नको, कोळसा करा



सुगी आटोपली की खळ्याच्या कडेला तुराट्यांचा आणि पऱ्हाट्यांचा ढीग उरतो. चुलीपुरत्या काढून घेतल्या की बाकीच्यांना बांधावरच काडी लावायची, ही आपली जुनी रीत. तासाभरात ढीग जळून जातो आणि हाती येते ती चार घमेली राख. तीही पहिल्या वाऱ्यात अर्धी उडते. त्या धुराने घरातल्या म्हाताऱ्यांचा दमा उठतो, तो वेगळाच. याच काड्यांचा कोळसा करून तो जमिनीच्या कामी कसा आणावा, हे आज आम्ही सांगणार आहोत. शेतकी शास्त्रात या कोळशाला बायोचार म्हणतात.

काडी पेटली की आधी तिच्यातले पाणी निघून जाते. मग तिच्यातून वायू निघतात आणि ते जळतात, तीच ज्वाळा. वायू संपले की उरतो तो कोळसा. त्याला पुढेही हवा मिळत राहिली तर त्याची राख होते. आपल्याला कोळशापाशी थांबायचे आहे. भस्म बुधवारी कपाळाला लागते ती राख तेथेच शोभते; शेतात काळा कोळसाच हवा.

कोळशाला असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांत पाणी धरून राहते, खताचा अंश राहतो, उपयोगी जंतूंना आसरा मिळतो. पालापाचोळा एक-दोन पावसाळ्यांत कुजून संपतो, पण कोळशाचा बराचसा भाग जमिनीत शेकडो वर्षे टिकतो. खानापूर तालुक्यासारख्या लाल, जांभ्या, भरपूर पावसाच्या जमिनीत खत धुपून जाते आणि आम्लताही असते. तेथे कोळशाचा गुण अधिक येतो, कारण तो आम्लता थोडी कमी करतो. बैलहोंगल, सौंदत्तीकडील काळ्या जमिनीचा सामू मुळातच चढा असतो. तेथे घाई करू नये. आधी रयत संपर्क केंद्रात मातीचा नमुना द्यावा.

मात्र एक गोष्ट मनात पक्की धरावी. कोळसा हे खत नव्हे, ते खताचे कोठार आहे. रिकामे कोठार शेतात नेऊन ठेवले तर ते आधी स्वतःच भरून घेते. कोरा कोळसा मातीत मिसळला तर तो जमिनीतला नत्र अडवून धरतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळे पडू शकते. मग शेतकरी म्हणतो, हे सगळे थोतांड! दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात तेथील मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी घडवलेली काळी सुपीक जमीन आजही आहे. विम सोम्ब्रोक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली आपल्या ग्रंथात तिची माहिती दिली. पण त्या जमिनीत नुसता कोळसा नाही. हाडे, माशांचे काटे, घरचा केरकचरा आणि खापऱ्यासुद्धा आहेत. कोळशाला सोबत लागते ती अशी.

आता कृती. घरापासून, गवताच्या गंजीपासून आणि रानाच्या कडेपासून दूर जागा निवडावी. वर ५ फूट रुंद, तळाशी २ फूट आणि अडीच-तीन फूट खोल असा उतरत्या भिंतींचा गोल खड्डा खणावा. काड्या कडक वाळलेल्या हव्यात. मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे. सकाळी, वारा नसताना काम धरावे. दोन पिंपे पाणी आधी भरून ठेवावे, मगच काडी ओढावी.

तळाशी लहान जाळ करावा. तो चांगला धरला की काड्यांचा पातळ थर घालावा. त्या थरावर राखेची पांढुरकी झाक दिसू लागली की लगेच दुसरा थर. वरची ज्वाळा येणारी हवा स्वतःच खाऊन टाकते, म्हणून खालचा कोळसा जळत नाही. धूरही त्या ज्वाळेतच जळून जातो. धूर दाटला तर समजावे की थर जाड झाला किंवा काड्या ओल्या आहेत. खड्डा भरायला दोन-तीन तास लागतात आणि तेवढा वेळ तेथून हलता येत नाही. हे काम ज्याला जमणार नसेल त्याने हा नाद करू नये. शेवटचा थर काळा झाला की पाणी मारावे. एकदम मध्यभागी ओतू नये, वाफेने तोंड भाजते. कडेने थोडे थोडे ओतावे. पाण्याची टंचाई असेल तर ओल्या मातीने खड्डा पूर्ण झाकून दोन दिवस तसाच ठेवावा.

साधारण १०० किलो काड्यांतून २० किलोच्या आसपास कोळसा मिळतो. एकरभर तुरीच्या एक टन तुराट्या धरल्या तर २०० किलो झाला. एवढ्याशा कोळशाने एकराचे भागणार नाही, दोन गुंठ्यांचे भागेल. तेव्हा तो शेतभर न उधळता मिरची, रताळी किंवा भाजीच्या वाफ्यात घालावा.

उसाचे पाचट या खड्ड्यात घालू नये. ते हलके असते, भुर्रकन जळते आणि राखच होते. पुण्याच्या आरती या संस्थेने पाचटाचा कोळसा करण्यासाठी बंद भट्टी तयार केली आणि त्या कामाला २००२ साली ॲशडेन पारितोषिक मिळाले. पण तो कोळसा चुलीसाठी होता. आमच्या मते पाचटाची जागा खोडव्याच्या सरीतच. ज्या कडब्यावर जनावरे जगतात त्यालाही हात लावू नये. प्लॅस्टिकची पोती, ठिबकच्या नळ्या, रंग दिलेली लाकडे हे तर खड्ड्याच्या जवळही आणू नये.

निवालेला कोळसा ओला असतानाच कुटून हरभऱ्याएवढा करावा. कोरड्या कोळशाची धूळ छातीत जाते, म्हणून नाकावर ओला रुमाल बांधावा. मग एक पाटी कोळशाला नऊ-दहा पाट्या शेणखत या हिशेबाने उकिरड्यात थर द्यावेत, वरून गोमूत्र व शेणकाला शिंपडावा आणि ओल टिकवून दीड-दोन महिने मुरू द्यावे. माघ-फाल्गुनात केलेला कोळसा मृगापर्यंत तयार होतो.

आरोग्याच्या दोन गोष्टी. खड्ड्यातले निखारे शेकण्यासाठी बंद खोलीत नेऊ नयेत. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस झोपेतच जातो. नायलॉनची साडी किंवा सैल पदर घेऊन जाळापाशी उभे राहू नये, मुलांना तर लांबच ठेवावे. कोणाला भाजलेच तर जखमेवर २० मिनिटे स्वच्छ गार पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नये. फोड मोठे असतील किंवा तोंड, हात भाजले असतील तर दवाखाना गाठावा.

पहिल्या वर्षी एकच गुंठा करून पाहावा. शेजारच्या गुंठ्यात तेवढेच शेणखत, पण कोळशाविना घालावे. दोन्हींच्या कोपऱ्यांना खुंट्या ठोकाव्यात, बी आणि पाणी सारखेच द्यावे आणि काढणीला दोन्हींचा माल वेगळा तोलून आकडे वहीत लिहून ठेवावेत.