रायफलचा पट्टा: एका टोकाचा की दोन टोकांचा, आणि खर्च किती?

सातशे-आठशे डॉलरची रायफल घ्यायची, तिच्यावर तितक्याच किमतीची दुर्बीण चढवायची आणि पट्टा मात्र गल्ल्याजवळ टांगलेला दिसला तो बारा डॉलरचा उचलायचा, ही खरेदीची पद्धत अमेरिकेतल्या कुठल्याही बंदुकीच्या दुकानात बघायला मिळते. शिकारीच्या हंगामाआधीच्या गर्दीत तर हमखास. वास्तविक रेंजवर किंवा रानात रायफल जितका वेळ खांद्याला लागलेली असते, त्याच्या कितीतरी पट वेळ ती नुसती अंगावर लटकत असते. तो सगळा वेळ तुमचा संबंध पट्ट्याशी असतो. अमेरिकेत राहणाऱ्या, रेंजवर किंवा हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या वाचकांसाठी हा हिशेब मांडतो आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. दहापैकी नऊ जणांनी टू-पॉइंट पट्टा घ्यावा. आणि सिंगल-पॉइंट स्वस्त पडतो म्हणून तो घेत असाल तर थांबा, कारण तो स्वस्त पडत नाही.

टू-पॉइंट म्हणजे आपल्या ओळखीचा पट्टा. एक टोक पुढे नळीखालच्या भागाला, दुसरं मागे दस्त्याला. कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी .३०३ रायफलीला जो बघितला, तोच प्रकार. फरक इतकाच की आजच्या चांगल्या टू-पॉइंट पट्ट्याला एक ओढणी असते. ती एका हाताने ओढली की पट्टा सैल होतो, उलट ओढली की रायफल अंगाशी घट्ट बसते. खांद्यावर, छातीवर आडवी, पाठीवर, कशीही घ्या. दोन्ही हात मोकळे सोडले तरी ती जागची हलत नाही.

सिंगल-पॉइंटमध्ये पट्ट्याचं वेटोळं एका खांद्यावरून दुसऱ्या काखेखाली जातं आणि रायफल एकाच कडीला, बहुधा दस्त्याच्या सुरुवातीला, लटकते. तोंड खाली. उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेणं यात फार सोपं. गाडीत चढता-उतरताना, अरुंद जिन्यात किंवा खोल्या-खोल्यांतून फिरताना आखूड नळीचं हत्यार असं बाळगणं सोयीचं पडतं. पोलिसांच्या खास पथकांना हा प्रकार रुचला तो त्यामुळेच. पण हात सोडला की रायफल देवळाच्या घंटेसारखी झुलते. चालताना गुडघ्यांवर आपटते, वाकलं की तोंड जमिनीला लागतं, आणि पळायची वेळ आली तर ती नेमकी कुठे लागते हे पुरुष वाचकांना सांगायला नको. सात पौंडांची एआर-१५ जातीची रायफल (एआर) दुर्बीण आणि भरलेल्या मॅगझिनसह साडेआठ-नऊ पौंडांवर सहज जाते. तेवढं वजन एकाच खांद्यावरून मानेला ओढत राहतं. रबरी लवचीक पट्टा, म्हणजे बंजी, असेल तर वर-खाली हिंदकळणं वेगळंच.

तुमची रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. शिकारीच्या अशा रायफलींना कारखान्यातूनच दोन कड्यांच्या जागा असतात, एक पुढे आणि एक दस्त्याच्या टोकाला. मधल्या भागात सिंगल-पॉइंट अडकवायला जागाच नसते. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालतच नाही, तेव्हा तिथल्या शिकाऱ्याने या वादात पडूच नये.

आता पैशांचं बोलू. खाली दिलेले आकडे ढोबळ आहेत. दुकान, सवलत आणि तुमच्या राज्याचा विक्रीकर यांनी ते थोडे इकडे-तिकडे होतील. नावाजलेल्या कंपन्यांचे ओढणीवाले टू-पॉइंट पट्टे, म्हणजे मॅगपुलचा एमएस१ किंवा ब्लू फोर्स गिअरचा व्हिकर्स, साधारण ४० ते ७० डॉलरमध्ये येतात. खांद्याला गादी हवी असेल तर वरच्या टोकाचा भाव. सिंगल-पॉइंट पट्टे २० ते ५० मध्ये. इथवर सिंगल-पॉइंट स्वस्त वाटतो, आणि दुकानदारही इथेच बोलणं थांबवतो.

खरा खर्च पट्ट्याचा नसतो, तो अडकवण्याचा असतो. हल्लीच्या बऱ्याच एआरच्या पुढच्या भागाला जोडभाग बसवायची एम-लॉकची भोकं असतात, पण कडी नसते. तिथे बसणारा छोटा क्यूडी सॉकेट २० ते ३० डॉलर. बटण दाबून निघणारी क्यूडी कडी १५ च्या आसपास, अशा दोन लागतात, आणि कित्येक पट्ट्यांबरोबर त्या येत नाहीत. मागच्या दस्त्याला भोक किंवा खाच बहुधा असतेच. म्हणजे ४५ चा पट्टा घरी येऊन रायफलीला लागेपर्यंत शंभर डॉलर होतात.

सिंगल-पॉइंटला कडी एकच लागते हे खरं, पण ती बसते एंड प्लेटवर, म्हणजे रायफलीचा मधला भाग आणि दस्ता यांच्यामधल्या पत्र्यावर. साध्या रायफलींच्या या पत्र्याला भोक नसतं. भोकवाली प्लेट १५ ते ४० डॉलर. ती बदलायला कॅसल नट काढावा लागतो, आणि तो सुटू नये म्हणून कारखान्यात प्लेटचा धातू ठोकून त्याच्या खाचेत बसवलेला असतो. हे काम घरी करायचं तर वेगळा पाना लागतो आणि परत घट्ट करून, ठोकून बसवणं जमलं पाहिजे. ठोकायचं राहिलं तर नट हळूहळू सैल होतो आणि दस्ता हलायला लागतो. गनस्मिथकडे दिलंत तर आणखी तीस-चाळीस डॉलर. बेरीज करून बघा, पुन्हा शंभरच्या आसपास. तेव्हा खरेदीला जाण्याआधी रायफल हातात घेऊन त्या पत्र्याला गोल भोक आहे का ते बघा. हल्ली बऱ्याच रायफलींना ते आधीपासून असतं, आणि मग हा खर्च वाचतो.

बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्यांचं काम सगळ्यात स्वस्तात होतं. २५ ते ६० डॉलरचा नायलॉनचा किंवा चामड्याचा पट्टा, दहा-पंधरा डॉलरची कड्यांची जोडी, संपलं. फक्त रुंदी जुळवून घ्या. शिकारीच्या रायफलींच्या कड्या बहुधा एक इंचाच्या असतात आणि एआरसाठीचे पट्टे सव्वा इंचाचे; चुकीचा घेतला तर तो कडीत चुरगळून बसतो.

मन ठरत नसेल तर मॅगपुलच्या एमएस४ सारखा दोन्ही प्रकारांनी वापरता येणारा पट्टा मिळतो. ६०-६५ डॉलर पडतात. पुढची कडी काढून पट्ट्याच्या मागच्याच भागात अडकवली की तो सिंगल-पॉइंट होतो. माझा अंदाज असा की महिन्याभरात तुम्ही तो कायमचा टू-पॉइंट करून ठेवाल, पण निवड तुमच्या हातात राहते.

बारा डॉलरच्या पट्ट्याबद्दल दोन शब्द. त्याचं कापड वाईट नसतं, बकल आणि हुक वाईट असतात. पातळ ओतीव धातूचा हुक रायफलीच्या रंगावर ओरखडे काढतो, चालताना खणखणतो आणि हरीण कुठे आहे याची तुम्हाला खबर लागण्याआधी हरणाला तुमची लागते. प्लास्टिकचं बकल कडक थंडीत तडकू शकतं. क्यूडी सॉकेट घेताना कडी पूर्ण गोल फिरते की अडते ते तपासा. ज्यात ती अडते, म्हणजे जो रोटेशन-लिमिटेड असतो, तो घ्या, नाहीतर पट्ट्याला पीळ पडत राहतो. पट्टा दुकानात घालून बघायचा तर हिवाळ्यातलं जाड जाकीट घालून जा. टीशर्टवर बरोबर बसलेला पट्टा नोव्हेंबरात तोकडा पडतो.

टू-पॉइंटचा एक फायदा जाहिरातीत फारसा येत नाही. तो नेम स्थिर करायलाही उपयोगी पडतो. पट्ट्याचा पीळ डाव्या दंडाभोवती घेतला की बसून किंवा झोपून मारताना रायफल डगमगत नाही. अमेरिकी लष्कराच्या १९०७ सालच्या चामडी पट्ट्याची रचनाच या दुहेरी कामासाठी होती, आणि आज प्रोजेक्ट अ‍ॅपलसीडच्या नेमबाजी शिबिरांत हेच लष्करी विणलेल्या (वेब) पट्ट्यावर शिकवतात. तो पट्टा पंधरा-वीस डॉलरला मिळतो. स्वस्त पण मजबूत हवा असेल तर बारा डॉलरवाल्यापेक्षा हा घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारातही गुडघ्यावर बसून आणि झोपून मारताना दंडाला पट्टा चालतो, उभं राहून मारताना मात्र चालत नाही. तो स्पर्धेचा पट्टा एका टोकाने रायफलीला आणि दुसऱ्याने दंडाला असतो, रायफल बाळगायला त्याचा उपयोग नाही. नावात गल्लत करून तो मागवू नका.

पट्टा कोणीही घेऊ शकतो, रायफलीचं तसं नाही. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही, तरी राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे असतात. मित्राची रायफल ‘जरा धरून बघतो’ म्हणण्याआधी हे वाचून ठेवा.

आणि पट्टा आहे म्हणून रायफल पाठीला अडकवून झाडावरच्या मचाणावर चढू नका. गोळ्या काढायच्या, जमिनीवरच सुरक्षा पट्टा बांधायचा, तो झाडाला जोडलेला ठेवत वर जाऊन बसायचं आणि मग दोरीने रिकामी रायफल वर ओढायची, हेच शिकारीच्या सुरक्षा वर्गात शिकवतात. ती दोरी पाच-दहा डॉलरला मिळते. शंभर डॉलरच्या यादीत तीही लिहून घ्या, आणि नवा पट्टा लावल्यावर रेंजवर जाण्याआधी घरी रिकाम्या रायफलीच्या दोन्ही कड्या जोराने ओढून बघा.