काठावर कोंबड्या, तळ्यात मासे

आपल्या धायरीहून खडकवासल्यामार्गे पानशेतकडे गेले की पुढे डोंगरात कातकरी वाड्या लागतात. तिथल्या कामाविषयी बोलताना मंडळीतले लोक मला हमखास विचारतात, "शेततळ्यात सोडायला मासे देऊ का?" जरूर द्या, पण नुसते मासे देऊ नका. का, ते या धड्यात पाहू.

1. मासा काय खातो?
कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. शेण किंवा कोंबड्यांची विष्ठा पाण्यात मिसळली की प्लवंग, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती आणि जीव, वाढतात. माशांचे मुख्य अन्न तेच. म्हणून गोठा किंवा खुराडे तळ्याजवळ असले की विकतच्या खाद्याचा खर्च बराच वाचतो.

2. प्रमाण किती?
2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतले मोठे तळे 30 × 30 × 3 मीटरचे, म्हणजे साधारण 9 गुंठ्यांचे. त्यात 500 ते 600 बोटुकली पुरेत. खताला 50 कोंबड्या किंवा 20 ते 25 बदके चालतात. पण एवढ्या कोंबड्यांना दाणा घालणे गरीब घराला झेपत नाही. 15 ते 20 गिरिराज किंवा वनराज कोंबड्या आणि जोडीला रोज दोन-तीन किलो शेण, एवढ्यावर सुरुवात करावी. बदके असतील तर बोटुकली 10 सेंटिमीटरपेक्षा मोठी हवी, नाहीतर बदकेच ती खातात.

सह्याद्रीत बऱ्याच तळ्यांचे पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंतच टिकते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मोठी बोटुकलीच सोडावी. बारीक मत्स्यबीज स्वस्त पडते, पण पाणी आटेपर्यंत विकण्याजोगे होत नाही.

3. जपायचे काय?
कोपरापर्यंत हात पाण्यात घालावा. तळवा दिसेनासा झाला तर पाण्यात अन्न भरपूर आहे. त्याआधीच दिसेनासा झाला तर खत थांबवावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे. त्या दिवशी शेण अजिबात नको, ताजे पाणी सोडावे. ढगाळ हवेत हा धोका जास्त. आजारी किंवा औषध चालू असलेल्या जनावराचे शेण वापरू नये. मासे काढण्यापूर्वी दोन आठवडे खत बंद ठेवावे. हे पाणी पिण्यास वापरू नये आणि मासा नीट शिजवून खावा.

4. कोंबड्या आधी का?
कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. त्यासाठीची उचल बहुधा पावसाळ्यातच घेतली जाते, कारण तेव्हा घरात धान्य नसते आणि हाताला काम नसते. मासे विकून पैसा येतो तो फेब्रुवारीत. तोवर उचल घेऊन कुटुंब भट्टीवर गेलेले असते. मग शेण कोण टाकणार, तळे कोण राखणार?

अंडी मात्र दर आठवड्याला थोडे रोख पैसे देतात, आणि पोरांच्या ताटातही पडतात. पिल्लू अंड्यावर यायला साधारण पाच-सहा महिने लागतात. म्हणजे पिल्ले डिसेंबर-जानेवारीत दिली, तर जूनमध्ये अंडी सुरू होतात, नेमकी गरजेच्या वेळी. 20 कोंबड्यांनी सगळे भागणार नाही. पण उचल कमी झाली तरी घरातले एक-दोघे मागे राहू शकतात. मागे कोणी राहिले तरच तळ्यातला मासा हाती लागतो.

आणखी एक गोष्ट. अनेक कातकरी कुटुंबांच्या पायाखालची जागाही त्यांच्या नावावर नाही. तळे खणण्याआधी सातबारा पाहावा. दुसऱ्याच्या जमिनीत खणलेले तळे शेवटी जमीनमालकाचेच होते. जिथे जमीन नाही, तिथे नुसत्या कोंबड्या द्याव्यात.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपण मदत देतो ती आपल्या सणाच्या वेळी, की त्या घराच्या गरजेच्या वेळी?
2. या वाड्यांतली अंडी आणि फेब्रुवारीतले मासे योग्य भावात घेण्यास आपल्या मंडळीतली किती घरे तयार आहेत?
3. यंदाच्या डिसेंबरात पिल्लांसाठी आपला गट काय बाजूला ठेवू शकेल?