पाणी उकळले तरी नायट्रेट जात नाही

‘पाणी उकळून द्या’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी ऊठसूट देतो. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांपासून बचावासाठी तो योग्यच आहे. पण विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असेल, तर उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व ब्लीचिंग पावडर यांचाही येथे उपयोग नाही. शिवाय असे पाणी दिसायला अगदी नितळ असते.

हे नायट्रेट येते कोठून? विहिरीजवळचा उकिरडा, संडासाचा शोषखड्डा ही कारणे आहेतच. बागायती भागात मात्र मोठा वाटा युरियाचा असतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असते. जमिनीतील जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. पिकाने न उचललेले नायट्रेट माती धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर खाली झिरपते. एक किलो युरियातील सारे नायट्रोजन असे झिरपले, तर सुमारे दोन किलो नायट्रेट होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. म्हणजे तेवढ्याने ४५ हजार लिटर पाणी मर्यादेला टेकेल! सगळेच झिरपत नाही हे खरे. पण उसाला आपण युरिया पोत्याने टाकतो, किलोने नव्हे.

धोका मुख्यतः सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला. त्याच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. ओठ व नखे निळसर, राखाडी दिसू लागतात. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी हा आजार विहिरीच्या पाण्याशी जोडून दाखवला. असे बाळ दिसताच घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालयात न्यावे. वेळेवर नेल्यास मिथिलीन ब्लू या औषधाने उतार पडतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती जवळजवळ नसते. त्याला सहा महिने वरचे पाणी लागतही नाही, मग आजीबाई काहीही म्हणोत.

शेतकरी बंधूंनी माती परीक्षण करून, युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागून, मातीआड करून द्यावा. मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकू नये. फेरपालटात हरभरा किंवा ताग घेतल्यास पुढच्या पिकाचा युरिया कमी करता येतो. तळ्यातील शेवाळही त्यामुळे आटोक्यात राहते.

मात्र खत कमी केले म्हणून पुढच्याच वर्षी विहीर सुधारेल, अशी आशा धरू नये. डेन्मार्कने १९८७ मध्ये शेतीतून झिरपणारे नायट्रोजन निम्म्यावर आणण्याची योजना आखली. तेथे नव्याने मुरलेल्या भूजलातील नायट्रेट हळूहळू उतरले. खोलवरचे जुने पाणी मागेच राहिले.

तोवर घरात तान्हे बाळ असेल, तर विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, एकदा उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यानंतर. नमुना स्वच्छ बाटलीत भरून, गाव, विहीर व तारीख लिहून, शक्यतो त्याच दिवशी पोचवावा. नायट्रेट जास्त निघाल्यास बाळाच्या दुधासाठी दुसऱ्या, तपासलेल्या ठिकाणचे पाणी आणावे.