कारखान्याची जागा आणि खर्चाचा पुरा हिशेब

प्रत्यक्ष पाहणीवाचून आर्थिक निष्कर्ष काढू नयेत, ही शिस्त प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी महाराष्ट्रात रुजविली. १९३० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेतून त्यांनी केलेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. उपयोजित अर्थशास्त्राचा हा वस्तुपाठ ठाणे-डोंबिवली पट्ट्यासही लागू पडतो.

जमीन, पाणी, वीज, वाहतूक व कामगार यांचा मेळ पाहून उद्योजक जागा निवडतो. या पट्ट्यात रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली होती. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे इस्टेट व डोंबिवली येथे विकसित भूखंड मिळू लागल्याने लहान उद्योजकाचा प्रारंभीचा भार हलका झाला. कालांतराने लोकवस्ती कारखान्यांना येऊन भिडली.

२६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीतील रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. माणसे दगावली, भोवतालच्या घरांचीही हानी झाली. कारखान्याच्या जमाखर्चात न दिसणारा आणि शेजाऱ्यांवर पडणारा असा भार म्हणजेच अर्थशास्त्रातील 'बाह्य खर्च' होय.

म्हणूनच कारखान्यास किंवा त्यालगतच्या घरबांधणीस अनुमती देण्यापूर्वी घरे, शाळा, नाले व रस्ते यांची अंतरे प्रत्यक्ष मोजावीत. असा नकाशा गावातील शिक्षक व विद्यार्थीही तयार करू शकतील. रोजगाराचा लाभ आणि धोक्याची किंमत एकाच पानावर मांडली, तरच हिशेब पुरा होतो.